डावं मागचं चाक

आमच्या कॉलनीत कोणीही गाडी बाहेर काढली की गावंडेकाकांच्या फाटकाची कडी वाजायची. काका बाहेर येत, दोन्ही हात पाठीमागे बांधून गाडीभोवती एक फेरी मारत, प्रत्येक टायर चपलेच्या टोकानं दाबून पाहत, आणि मग विचारत, "कुठं चाल्ली?" आधी टायर, मग माणूस, हा त्यांचा क्रम होता. नागपूर म्हटलं तर कपाळावर एक आठी पडे, परतवाडा म्हटलं तर दोन. कोणी चुकून त्याच्याही पुढे, मेळघाटात जातो म्हणालं, की काका घरातून हवा मोजायचं मीटर घेऊन येत आणि त्या माणसाचं निघणं अर्ध्या तासानं पुढे जाई.

मी त्यांच्या शेजारची. आमच्या दोन घरांमध्ये कमरेएवढी भिंत होती आणि तिच्यावरून वाट्या, वर्तमानपत्रं आणि सल्ले यांची ये-जा चालायची. मी ज्युनिअर कॉलेजात शिकवते, वर्गातली साठ पोरं मला थोडीफार घाबरतात. पण काकांच्या लेखी माझी ओळख एवढीच, की हिच्या गाडीचं उजवं पुढचं टायर आतल्या बाजूनं झिजतं. लग्नात भेटलो तरी ते आधी त्या टायरची खुशाली विचारत. मला राग यायचा. एकदा मी म्हटलंही, "काका, माझ्या नवऱ्याचा पाय मोडला होता, त्याचंही विचारा कधी." काका गंभीरपणे म्हणाले, "पाय जुळते मनीषा. फुटलेलं टायर जुळत नाई."

काका एका कॉलेजात ग्रंथपाल होते. निवृत्त झाले तेव्हा पुस्तकं तिथं राहिली आणि सवय घरी आली. त्यांच्या जुन्या पांढऱ्या गाडीच्या पाचही टायरांची, म्हणजे स्टेपनीसकट, पाच कार्डं होती. कोणतं टायर कधी कुठून काढलं, कुठं बसवलं, किती झिजलं, खाली तारीख आणि सही. सही स्वतःच करायची, तपासायचीही स्वतःच. याशिवाय गाडीत सूचनांची वेगळी कार्डं असत. रेडिओवर 'आवाज कमी. चाक काय म्हणते ते ऐका.' आरशाखाली 'फोन डिक्कीत ठेवला का?' डॅशबोर्डवर 'घाई कोणाला आहे?' पहिल्यांदा बसणारा माणूस ती सगळी वाचायचा आणि हसायचा. दुसऱ्यांदा कोणी वाचत नसे.

चाकाला दुसऱ्याचा हात लागू द्यायचा नाही, हा त्यांचा नेम. त्यामागं एक घटना होती. फार वर्षांपूर्वी परतवाड्याहून येताना त्यांनी रस्त्यावरच्या दुकानात पंक्चर काढलं, आणि थोडं पुढे आल्यावर उतरून पाहिलं तर एक नट बोटानं फिरत होता. त्या दुकानदाराला मात्र ते कधी वाईट बोलले नाहीत. "त्याचा दोष नाई," ते म्हणत. "तो फोनवर बोलून राह्यला होता. बोलता बोलता कसलेला नट म्हंजे न कसलेला." त्या दिवसापासून दुकानात जाणं बंद. दर चार-सहा महिन्यांनी चाकांची अदलाबदल, पंक्चर झालं तर स्टेपनी लावणं, सगळं घरच्या अंगणात, स्वतःच्या हातानं.

तो सोहळा पाहण्यासारखा असे. आधी फरशीवर जुनी सतरंजी. पांढरा हाफ शर्ट तसाच, खिशाला पेन तसाच. गाडी हलू नये म्हणून चाकांमागे दोन विटा, त्या हलू नयेत म्हणून त्यांच्यामागे आणखी दोन. काढलेले नट ठेवायला काकूंची स्टीलची वाटी. ही वाटी काकू घासून घासून परत स्वयंपाकात घेत आणि काका परत पळवत. मग जमिनीवर असतानाच नट जरासे सैल करायचे, जॅक लावून गाडी उचलायची, चाक काढायचं, दुसरं बसवायचं. इथं काका बोट वर करत. "आता पाह्य. गाडी वर हाये तोपर्यंत नट नुसते बसवायचे. कसायचे गाडी खाली आल्यावर. समोरासमोरचे. आपला पूर्ण जोर लावून. आनि कसून झाल्याबिगर उठायचं नाई. घराले आग लागली तरी."

हे त्यांनी मला शिकवलं, तेव्हा मी हौसेनं अंगणात बसले होते आणि गल्लीतल्या चार बायका भिंतीवरून पाहत होत्या. चाक बसवताना माझ्या हातून नट निसटला आणि मी हसले. काका हसले नाहीत. उरलेले तिन्ही नट त्यांनी मला परत काढायला लावले आणि पहिल्यापासून सुरुवात करायला सांगितली. दुपारचं जेवण चार वाजता झालं. बोटं दोन दिवस दुखत होती, पण चाक बदलता येतं म्हणजे काय सुख असतं ते मला तेव्हा कळलं, खोटं का सांगू.

चाक बदललं की पन्नास किलोमीटरवर थांबून नट पुन्हा तपासायचे, हा पुढचा नियम. एकदा ते आम्हाला सगळ्यांना कौंडण्यपूरला घेऊन गेले. आदल्या दिवशी चाकं बदललेली, आणि देवळाशी पोचलो तरी पन्नास भरले नव्हते. झालं. आम्ही रुक्मिणीचं दर्शन घेतलं, नदीवर जाऊन आलो, डबे उघडले, आणि काका बाहेर गाडीभोवती फिरत होते. काकू म्हणाल्या, "अवं, देवाले तरी तोंड दाखवा." काका म्हणाले, "देवाचं काम व्यवस्थित असते. माहं बाकी हाये." परतीच्या वाटेवर आकडा भरला, त्यांनी भर उन्हात उतरून सोळा नट तपासले, एकही सैल नव्हता. घरी येईपर्यंत काका गाणं गुणगुणत होते.

पण त्यांची खरी ख्याती चांदूर बाजारच्या लग्नानं झाली. पुतण्याचं लग्न. नवरदेवाची गाडी गुलाबांनी मढवलेली, बँडवाले तयार, आणि काका नव्या झब्ब्यात टायर दाबत फिरताहेत. एका टायरातून तार दिसली. काकांनी आवाज चढवला नाही, भांडण केलं नाही. सरळ त्या चाकाला पाठ लावून रस्त्यावर बसले. वरबाप हात जोडू लागले, भटजी घड्याळ दाखवू लागले, "गावंडेसाहेब, मुहूर्त टळंल!" काका बसल्या जागेवरून म्हणाले, "मुहूर्त दुसरा भेटते. पोरगा दुसरा कुठून आनू?" शेवटी नवरदेव बाशिंगासकट खाली उतरला, काकांनी स्वतः स्टेपनी लावली, आणि मग वरात हलली. काकांच्या मुठीतल्या अक्षता काळ्या झाल्या होत्या. त्या तशाच त्यांनी जोडप्यावर टाकल्या.

हे सगळं सांगून आम्ही खूप हसायचो. त्यांची मुलगी वैशाली तर त्यांची नक्कल करायची. ती एकुलती एक, अकोल्याला दिलेली, आणि बापाच्या हाताखाली शिकल्यामुळं गाडी फार छान चालवायची. तिची ओवी पाच वर्षांची. आजोबा गाडीभोवती फिरू लागले की ओवी मागून दोन्ही हात पाठीशी बांधून फिरायची.

त्या वर्षी नवरात्रात वैशाली आणि ओवी रेल्वेनं माहेरी आल्या होत्या. दसऱ्याला दुपारपर्यंत सासरी अकोल्याला पोचायचं होतं, आणि काका त्यांना आपल्या गाडीनं सोडणार होते. लेक आणि नात घेऊन जायचं, म्हणजे आदल्या दिवशी चाकांची अदलाबदल आलीच. आदला दिवस खंडेनवमीचा. आमच्याकडे त्या दिवशी घरातली अवजारं धुऊन पाटावर मांडतात, हळदकुंकू वाहतात. विळी, कोयता, हातोडी, काकांचा नट कसायचा पानासुद्धा. एकदा पूजेत बसलेलं अवजार दसऱ्याची पूजा होईपर्यंत उचलायचं नाही. त्याची विश्रांती असते.

काकांनी सकाळीच काम सुरू केलं होतं, पण त्यांच्या पद्धतीनं तीन चाकांना दुपार झाली. चौथं, डावं मागचं, बसवून होत आलं होतं. मी भिंतीपाशी कपडे वाळत घालत होते, म्हणून हे मला डोळ्यांसमोर दिसतं. काकू दारात आल्या. सकाळपासून उपाशी, हातात कुंकवाची कोयरी.

"अवं, पाना द्या."

"थांब नं. एक चाक राह्यलं."

"किती वेळ थांबू? सगळं मांडून झालं. वेळ टळून राह्यली. वर्षाचा सण हाये, तुमचं चाक रोजचंच."

काकांनी वर पाहिलं. काकूंचा चेहरा उपासानं उतरला होता. बायकोला कधी आपल्यामुळं ताटकळावं लागलं की काका एकदम लहान व्हायचे. गाडी अजून जॅकवर होती, चारही नट नुसते बसवलेले होते. त्यांनी पाना जुन्या धोतराच्या फडक्यानं पुसला आणि काकूंच्या हातात दिला. मग जॅक उतरवून गाडी खाली घेतली, एक कार्ड लिहिलं, 'डावे मागचे. काम बाकी. गाडी हलवू नये', आणि स्टिअरिंगला दोऱ्यानं बांधलं. मला म्हणाले, "उद्या पूजा झाली की कसतो. निंगायचं तर दहाले हाये."

मी मान हलवली आणि उरलेले कपडे वाळत घातले.

दसऱ्याच्या सकाळी काका साडेसहाच्या आधीच झेंडू आणि आपट्याची पानं आणायला बाजारात गेले. ते परतले तेव्हा सातला काही मिनिटं असतील. मी रांगोळी काढत होते. पिशवी हातात घेऊन ते फाटकातून आत गेले आणि अंगणाच्या मधोमध उभे राहिले. अंगण रिकामं होतं. चार विटा बाजूला नीट रचून ठेवल्या होत्या.

"गाडी कुठं हाये?" त्यांनी विचारलं. आवाज मोठा नव्हता.

काकू पुरण वाटता वाटता बाहेर आल्या. "वैशाली गेली नं घेऊन. मनली, बाबांसंगं निंगालं तर दुपार होते, गाडीभोवती तासभर फिरतीन, मंग वाटंत धा ठिकानी थांबतीन. मनली, परवा आनून देतो गाडी. अर्धा तास झाला."

"ओवी?"

"तिलेबी घेऊन गेली. काहून? काय झालं?"

काकांनी उघड्या दारातून देवघराकडे पाहिलं. पाटावर हळदकुंकवानं माखलेला पाना होता, त्याच्यावर झेंडूचं फूल. काकूंनी त्यांच्या नजरेमागं पाहिलं आणि त्यांना आदल्या दिवशीची दुपार आठवली असावी, कारण त्यांच्या हातातला पुरणाचा गोळा खाली पडला.

फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. गाडी चालवताना फोन बंद पिशवीत आणि पिशवी डिक्कीत, हे बापानं तिच्या हाडीमासी खिळवलं होतं आणि एवढी एक गोष्ट ती अगदी तंतोतंत पाळायची. सातव्यांदा लावताना काकांचं बोट चुकीच्या नावावर पडलं. मी आमच्या गाडीची किल्ली घेऊन भिंतीवरूनच ओरडले, "काका, चला!"

ते फाटकापर्यंत आले आणि थांबले. पाना पाहिजे होता, आणि पूजा अजून व्हायची होती. माझ्या डिक्कीत माझा पाना होता, पण त्या क्षणी माझ्याही डोक्यात तो आला नाही. काकू आत गेल्या. लग्न होऊन आल्यापासून एकही वार, एकही उपास न मोडलेली ती बाई. त्यांनी पाटावरून पाना उचलला, फूल बाजूला ठेवलं, आणि बाहेर येऊन काकांच्या हातात दिला. "जा," एवढंच म्हणाल्या. कुंकू त्यांच्या तळहाताला लागलं होतं, ते काकांच्या शर्टाला लागलं.

काका गाडीत शेजारी बसले की एरवी तोंडाची टकळी चालू असे. हळू, डावीकडे, ट्रकच्या मागं नको, हा कसला आवाज. त्या दिवशी एक शब्द नाही. बडनेरा मागं पडलं. मी जमेल तितक्या वेगानं चालवत होते, आयुष्यात पहिल्यांदा काका शेजारी असताना शंभराच्या वर गेले होते. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं, ते रस्त्याकडे पाहतच नव्हते. खिडकीच्या काचेला कपाळ लावून ते रस्त्याकडेच्या नालीत पाहत होते. झुडपांत, पुलांच्या खाली. कुठं पांढरं काही दिसलं की त्यांचा श्वास अडकायचा आणि पुढे गेल्यावर सुटायचा. एकदा पांढरी बकरी होती. एकदा कोणी वाळत टाकलेली चादर.

मी मनातल्या मनात काय काय बोलत होते ते लिहिण्यासारखं नाही. मला काकूंचा राग येत होता, वैशालीचा येत होता, आणि आदल्या दिवशी नुसती मान हलवून कपडे वाळत घालणाऱ्या माझा तर सगळ्यात जास्त.

लोणी मागं पडलं आणि काकांचा फोन वाजला. त्यांनी तो मांडीवर उलटा ठेवला होता. सुलटा केला. पडद्यावर वैशालीचं नाव होतं.

काका त्या नावाकडे पाहत राहिले. फोन वाजतोय आणि ते उचलत नाहीत.

"काका, घ्या ना!"

"तिचा हाये," ते म्हणाले. "बोलनारं तीच असंन, असं नाई."

मी गाडी कडेला घेतली. त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. मी बटण दाबलं. पलीकडे वाहनांचा आवाज, वारा, आणि मग, "हॅलो बाबा? इतके फोन काहून करून राह्यले? अवं, मागचं चाक वाजून राह्यलं होतं, मी थांबली."

मी काय बोलले मला आठवत नाही. एवढंच आठवतं की मी काकांकडे वळून "थांबली, काका, थांबली आहे ती" असं दोन-तीनदा म्हणाले. काकांनी दार उघडलं, खाली उतरले आणि रस्त्याकडेच्या निंबाला धरून ओकले. पोटात काही नव्हतं.

वैशाली मुर्तिजापूरच्या अलीकडे एका पंक्चरच्या दुकानापुढं थांबली होती. हवा भरायच्या यंत्राला झेंडूची माळ, अवजारं फळीवर ओळीनं मांडून त्यांना गंध लावलेलं. दुकानदारानं तिला खुर्ची दिली होती, ओवीला बिस्किटं दिली होती, आणि सांगितलं होतं, "ताई, आज अवजार उचलत नाई आमी. बाराले पूजा झाली की पयलं काम तुमचं. तोपर्यंत गाडी हलवू नोका." ओवी खुर्चीवर बसून स्टिअरिंगवरच्या त्या कार्डाच्या मागं पेन्सिलीनं फूल काढत होती. वैशालीनं निघताना दोरा सोडून ते तिच्या हातात दिलं होतं. वाचलं नव्हतं. त्या गाडीत कार्डं असायचीच.

काका ओवीजवळ गेले नाहीत, वैशालीजवळ गेले नाहीत. सरळ डाव्या मागच्या चाकापाशी बसले. नट तीनच होते. उरलेल्या तिन्हींना त्यांनी एकेक करून बोट लावलं आणि तिन्ही फिरले. दुकानदार पुढे वाकून पाहत होता. काकांच्या हातातल्या पान्यावरचं कुंकू पाहून तो हळूच म्हणाला, "काका, पूजेतला उचलला?"

"हो," काका म्हणाले.

दुकानदारानं आत जाऊन पाण्याचा तांब्या आणला.

डिक्कीत जादा नट होते, काका ते विसरणं शक्यच नव्हतं. पण पाना नटावर बसेना. तोंड नटाला लागायचं आणि घसरायचं, पुन्हा लागायचं आणि घसरायचं. लोखंडावर लोखंड वाजत होतं. वैशालीनं थोडा वेळ पाहिलं आणि मग बापाच्या शेजारी उकिडवी बसून त्यांच्या हातातून पाना घेतला. समोरासमोरचे नट तिनं पूर्ण जोर लावून कसले, शेवटी पायानं दाबून पाहिले. "बाबा, रडू नोका ना," ती म्हणाली. "तुमीच शिकवलं ना, चाकाचा आवाज ऐकत जाय म्हनून? म्हनून तर थांबली मी."

तिनं हे मनापासून म्हटलं होतं, आणि ते खरंही होतं. काकांनी ऐकलं की नाही कोण जाणे. ते सतरंजीशिवाय तसेच मातीत बसले होते.

ती अकोल्याला गेली आणि सुखरूप पोचली. आम्ही परत आलो. काकूंनी पाना काकांच्या हातातून घेतला, धुतला, परत पाटावर ठेवला आणि पूजा केली. त्यांनी मलाही जेवायला थांबवून घेतलं, आणि जेवताना एकदम म्हणाल्या, "मीच मांगतला तुमाले. चूक माही हाये." काका ताटाकडे पाहत म्हणाले, "तू मांगतला. देनारा मी होतो." एवढंच. त्यानंतर त्या घरात हा विषय निघाल्याचं मी ऐकलं नाही. पुरणपोळी दोघांच्याही ताटात तशीच राहिली होती.

दुसऱ्या दिवसापासून फाटकाची कडी वाजायची बंद झाली. मी मुद्दाम गाडी दोन वेळा मागंपुढं केली, कोणी आलं नाही. आठवड्यानं कॉलनीतल्या एकानं भिंतीपाशी येऊन विचारलं, "काका, नागपूरले चाल्लो, जरा पाहता का टायर?" ही माणसं एरवी काका दिसले की गाडी दामटायची. काका ओट्यावर वर्तमानपत्र वाचत होते. "दुकानात दाखव," म्हणाले. तो माणूस जरा वेळ उभा राहिला आणि गेला. नंतर मला म्हणाला, "काय झालं वं वैनी? काकांनी पायलं नाई म्हंजे भेव वाटते राजा."

मी त्यांना समजवायला गेले होते, हे कबूल करते. एकदा झालं, कोणाकडूनही होतं, आणि काही झालं तर नाही ना. काका ऐकून घेत. एकदा म्हणाले, "तीस वर्षं मी लोकायले मनत आलो, दुसऱ्यावर भरोसा नोका ठेवू. म्हंजे माह्यावर ठेवा, असंच नं थे? पोरीनं ठेवला." मी भिंतीवरची आमची रिकामी वाटी उचलली आणि घरात गेले.

पुढच्या उन्हाळ्यात वैशालीनं दोघांना कायमचं अकोल्याला न्यायचं ठरवलं. घर भाड्यानं दिलं, सामान टेम्पोतून पुढे गेलं. गाडीनं वैशाली, काका आणि काकू निघणार होते. निघायच्या आधी गाडी बडनेरा रोडवरच्या एका टायरच्या दुकानात नेऊन चारही चाकं तपासून घ्यायची, असं काकांनीच सांगितलं. मी निरोप द्यायला तिथं गेले.

दुकानदार मन लावून काम करत होता. काका त्याच्या स्टुलावर बसले होते, रस्त्याकडे तोंड करून. गाडी त्यांच्या पाठीमागं. जॅकचा आवाज आला, नट वाजले, चाक निघालं, बसलं, गाडी खाली आली. काकांनी मान वळवली नाही. दोन्ही हात गुडघ्यांवर होते. पेन खिशाला होता.

"काका, झालं," दुकानदार म्हणाला. "एकडाव पाहून घ्या नं."

"तू पायलं नं?"

"पायलं."

"मंग झालं."

मला राहवलं नाही. मी हळूच म्हटलं, "काका, एकदा बघा ना. तुमच्या समाधानासाठी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. "मी पायलं की मले भरोसा वाटते, मनीषा," ते म्हणाले. "अन् मले भरोसा वाटला की आता भेव वाटते."

ते उठले, टायरकडे न पाहता मागचं दार उघडून आत बसले. काकूंनी मला जवळ घेतलं, वैशालीनं हात हलवला, आणि गाडी बडनेऱ्याच्या दिशेनं निघून गेली. दुकानदारानं स्टूल आत उचलायला घेतलं. मी त्याला म्हटलं, असू द्या थोडा वेळ. पोचल्याचा फोन यायला पावणेदोन तास लागले, आणि तोवर मी तिथंच बसून होते.